व्हॉट्सअ‍ॅपवर "तसले" नंबर पुढे पाठवले, आता चौकशीला बोलावलंय. पोरगं किती अडकू शकतं?

सोन्नलगीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. विषय नाजूक आहे. नातेवाइकांत बोलायची सोय नाही म्हणून इथं मांडतोय. कायद्यातलं कळणाऱ्यांनी कृपया वेळ काढून वाचावं.

माझ्या मेहुणीचा मुलगा २२ वर्षांचा आहे. बारावी झालाय, सोलापुरातल्या एका लॉजवर रात्रपाळीला काउंटरवर बसतो. वडील पूर्व भागात यंत्रमागावर होते, माग बंद पडल्यापासून घरीच आहेत. मुक्कामाला येणारी माणसं याला विचारायची, "काही सोय होईल का?" याच्याकडे बायका पुरवणाऱ्या एका दलालाचा नंबर होता. हा तो नंबर गिऱ्हाइकाला पाठवायचा, कधी त्या माणसाकडून आलेले फोटो आणि रेट पुढं ढकलायचा. नंतर याच्या फोनपेवर दोनशे-तीनशे रुपये यायचे. त्याचं म्हणणं एकच, "मावशे, मी कुणाला आणलं नाही, नेलं नाही. नुसता मेसेज फॉरवर्ड केला."

आता त्या माणसाला पोलिसांनी पकडलंय आणि त्याच्या मोबाइलमध्ये आमच्या पोराचे मेसेज सापडलेत. याला फोन आला, "चौकशीला ये." घाबरून तो सगळे चॅट उडवायला निघालाय.

नुसत्या मेसेजवर गुन्हा होतो का? आणि आता नेमकं काय करायचं?

अक्कलकोट_रोड

पहिलं काम करा, त्याच्या हातातला मोबाइल काढून घ्या आणि त्याला सांगा एक अक्षर उडवायचं नाही. बाकी वकील मंडळी सांगतीलच. पण ह्यात उशीर नको की ओ.

अ‍ॅड_नवीपेठ

अक्कलकोट_रोड यांच्याशी पूर्ण सहमत. त्याचं कारण आधी सांगतो. चॅट याच्या फोनमधून गेलं तरी समोरच्याच्या फोनमध्ये आहेच, आणि तो फोन पोलिसांकडे आहे. पैशाची नोंद बँकेत आहे. म्हणजे उडवून काही लपत नाही, उलट पुरावा नष्ट केल्याचा वेगळा आरोप लागू शकतो. भारतीय न्याय संहितेचं कलम २३८ त्यासाठीच आहे. शिवाय चॅटमधला काही भाग याच्या बाजूचाही असू शकतो. एखाद्या गिऱ्हाइकाला त्यानं नकार दिला असेल, मालकानं दबाव टाकला असेल, तर तेही त्याच चॅटमध्ये आहे.

आता मूळ प्रश्न. लागू होणारा मुख्य कायदा १९५६ चा, अनैतिक व्यापार प्रतिबंध कायदा. कोर्टात सगळे त्याला "पिटा" म्हणतात. लोकांना वाटतं की या कायद्यानं शरीरविक्रय हाच गुन्हा ठरवलाय. तसं नाही. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तीन तरुणींना सुधारगृहातून मोकळं करताना हे स्वच्छ शब्दांत सांगितलं. सज्ञान बाई स्वतःच्या मर्जीनं हे काम करत असेल तर तेवढ्यासाठी तिला शिक्षा नाही. कायद्याचा सगळा रोख मधल्या माणसावर आहे, म्हणजे जागा देणारा, बाई मिळवून देणारा आणि तिच्या कमाईतला वाटा खाणारा.

तुमच्या पोराचं दुखणं इथंच आहे. तो त्या मधल्या साखळीत बसतो.

कलम ५ म्हणतं, वेश्याव्यवसायासाठी व्यक्ती मिळवून देणं किंवा तसा नुसता प्रयत्न करणं हा गुन्हा, मग तिची संमती असो वा नसो. शिक्षा किमान ३ वर्षं, कमाल ७ वर्षं, आणि तिच्या मर्जीविरुद्ध असेल तर १४ वर्षांपर्यंत. कलम ४ म्हणतं, दुसऱ्याच्या अशा कमाईवर पूर्ण किंवा थोडंफार जरी जाणूनबुजून जगलात तरी २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दोनशे रुपये रक्कम म्हणून किरकोळ आहे, पण रात्री अकराला फोटो पाठवला आणि साडेबाराला पैसे आले, अशी जोडी दहा ठिकाणी जुळली की सरकारी वकिलाला वेगळा साक्षीदार लागत नाही.

बचावाला जागा अजिबात नाही असंही नाही. दलालाचा नंबर देणं आणि प्रत्यक्ष बाई मिळवून देणं यात फरक आहे असा युक्तिवाद करता येतो, आणि तो फालतू नाही. पण नंबरासोबत फोटो, फोटोसोबत रेट आणि मागून कमिशन, हे तिन्ही एकत्र आलं की तो युक्तिवाद लंगडा पडतो. खोटी आशा देण्यात अर्थ नाही.

फोटोंचं वेगळं बघावं लागेल. साधे चेहऱ्याचे फोटो असतील तर माहिती तंत्रज्ञान कायदा सहसा लागणार नाही. नग्न किंवा लैंगिक कृतीचे असतील तर कलम ६७ आणि ६७-अ येतं. ६७-अ ला पहिल्याच वेळी ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड आहे.

आणि ज्याची मला खरी धास्ती वाटते ते शेवटी. त्या फोटोंतली एखादी मुलगी १८ च्या आतली निघाली तर हे सगळं प्रकरणच बदलतं. १६ ते १८ मधली असेल तर कलम ५ ची किमान शिक्षा ७ वर्षं होते आणि १४ वर्षांपर्यंत जाते. १६ च्या आतली असेल तर जन्मठेपेपर्यंत. वरून आयटी कायद्याचं ६७-ब आणि पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा. "साहेब, मला वय माहीत नव्हतं" एवढ्यावर तिथं सुटका होत नाही. पोराला एकांतात बसवून हे विचारा आणि वकिलाला खरं सांगायला लावा.

जुळे_सोलापूरकर

माहितीबद्दल धन्यवाद. एक विचारतो, मला खरंच जाणून घ्यायचंय. दोन सज्ञान माणसं, मधे दलाल नाही, थेट मेसेजवर ठरलं. मग मेसेज पाठवणाऱ्या गिऱ्हाइकावर काही येत नाही ना? ग्रुपवर सगळे छातीठोकपणे सांगतात की "कस्टमरला काही होत नाही."

अ‍ॅड_नवीपेठ

छातीठोकपणे सांगण्यासारखं त्यात काही नाही.

हे खरं की दोघांतल्या खासगी मेसेजला थेट गुन्हा म्हणणारं कलम पिटामध्ये नाही. कलम ८ खुणावण्या-बोलावण्याचं आहे, पण ते सार्वजनिक जागेपुरतं. १९५६ साली कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे रस्ता होता, खिडकी होती. खिशातल्या फोनवरचं चॅट त्यात सरळ बसत नाही.

पण कलम ७ बघा. देऊळ-मशीद, शाळा-कॉलेज, दवाखाना यांच्यापासून २०० मीटरच्या आत हा व्यवहार झाला तर करणारी आणि तिच्यासोबत असणारा, दोघंही दोषी. शिक्षा ३ महिन्यांपर्यंत. आता बाळीवेस, नवी पेठ, सात रस्ता, स्टेशनचा भाग डोळ्यांपुढे आणा. यातली कुठली इमारत देवळापासून, शाळेपासून किंवा हॉस्पिटलपासून २०० मीटरच्या बाहेर आहे? "रात्री दहा वाजता अमुक लॉजवर" हा मेसेज म्हणजे जागेचा आणि हेतूचा पुरावा गिऱ्हाइकानं स्वतःच्या हातानं लिहून दिलेला असतो.

दुसरं, २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयानं म्हटलं की पैसे देऊन एखाद्या व्यक्तीला या व्यवहारात ओढणारा गिऱ्हाईकही कलम ५ मध्ये येऊ शकतो. इतर काही उच्च न्यायालयांनी गिऱ्हाइकांवरचे गुन्हे रद्दही केलेत. केरळचा निकाल आपल्या कोर्टांवर बंधनकारक नाही, पण दाखला म्हणून तो पुढे येणारच.

समोरची मुलगी फसवून किंवा जबरदस्तीनं आणलेली असेल आणि तुम्हाला तसं मानायला कारण असेल, तर न्याय संहितेचं कलम १४४ आहे. सज्ञान असली तरी ३ ते ७ वर्षं. "मला इथून सोडवा", "पैसे मला मिळत नाहीत" असं तिनं चॅटमध्ये लिहिलं असेल आणि तरी हा माणूस गेला असेल, तर मला माहीत नव्हतं हे म्हणायची सोय उरत नाही.

कस्तुरी_सो

मी इथं एरवी फक्त वाचते. आज लिहिते, कारण आत्तापर्यंत सगळे पाठवणाऱ्याचं काय होईल तेवढंच बोलालेत.

मी घरून टॉवेल-बेडशीटचा छोटा व्यवसाय करते. ऑर्डरसाठी माझा नंबर सगळीकडे उघडा आहे. कुणीतरी तो नंबर माझ्या डीपीसकट "तसल्या" यादीत टाकला आणि ती यादी ग्रुपांतून फिरली. रात्री साडेबारा-एकला मेसेज सुरू. "रेट?" "फुल नाइट?" "जुळे सोलापूरला येणार का?" काहींनी आपले फोटो पाठवले, कसले ते सांगायला नको. मी "चुकीचा नंबर आहे" म्हटल्यावर शिव्या. माझ्या नवऱ्यानं माझ्यावर विश्वास ठेवला म्हणून मी ठीक आहे. ज्यांच्या घरी ठेवत नाहीत त्यांचं काय होत असेल?

एका पोलीस ठाण्यात मला आधी "नंबर बदलून टाका ना मॅडम" हेच सांगितलं. नंबर बदलला तर माझं गिऱ्हाईक जातं, आणि मी का बदलू? मग सायबर पोलिसांकडे गेले, तिथं नीट ऐकून घेतलं आणि तक्रार झाली.

फॉरवर्ड करणाऱ्या पोराला हे वाचून दाखवा. ज्या फोटोंना तो नुसता मेसेज म्हणतो त्यातली प्रत्येक बाई त्या यादीत स्वतःहून आली होती हे त्याला कुणी सांगितलं?

अ‍ॅड_नवीपेठ

कस्तुरी ताई, तुम्ही लिहिलंत ते फार गरजेचं होतं.

ज्यांनी तुम्हाला असे मेसेज केले त्यांच्यावर न्याय संहितेचं कलम ७५ लागू शकतं. लैंगिक सुखाची मागणी करणं, नको असताना अश्लील चित्र दाखवणं, याला ३ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. कलम ७९ आहे, स्त्रीच्या विनयशीलतेचा अवमान. नकार दिल्यावरही पिच्छा पुरवला तर कलम ७८. जुळे_सोलापूरकर, तुमच्या ग्रुपवर हेही सांगा. यादीतला नंबर खरा मानून एखाद्या अनोळखी बाईला "रेट?" विचारणारा माणूस पिटामधून कदाचित वाचेल, या कलमांतून वाचेलच असं नाही.

नंबर यादीत टाकणाऱ्यावर ओळख चोरल्याचं ६६-क आणि तोतयेगिरीचं ६६-ड ही आयटी कायद्याची कलमं, शिवाय बदनामी. ग्रुप अ‍ॅडमिनबद्दल नेहमी प्रश्न येतो, म्हणून सांगतो. गोंदियाच्या एका प्रकरणात २०२१ मध्ये नागपूर खंडपीठानं ठरवलं की सदस्यानं टाकलेल्या मेसेजसाठी निव्वळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कुणी दोषी होत नाही. अ‍ॅडमिनचा त्यात संगनमताचा हात दिसला तर गोष्ट वेगळी.

होटगी_नाका

आमच्या ओळखीतल्या एका माणसाची गोष्ट सांगतो, नाव-गाव विचारू नका. इंटरनेटवर सोलापूरच्या नावानं अशा सेवेच्या जाहिराती दिसतात. यानं त्यातल्या एका नंबरवर मेसेज केला. लगेच फोटो आले. आधी थोडा अ‍ॅडव्हान्स, मग "हॉटेल एन्ट्री पास", मग "सिक्युरिटी डिपॉझिट, परत मिळेल". मुलगी नाही की कोण नाही. यानं पैसे परत मागितले, तर दुसऱ्या नंबरवरून खाकी वर्दीचा डीपी लावलेला माणूस बोलायला लागला. "तुझ्यावर केस झालीय, मिटवायची तर पाठव." सोबत याच्या फेसबुकवरचा बायको-मुलांचा फोटो आणि शिक्के मारलेली नोटीस.

भला माणूस, सरकारी नोकरीत. पतसंस्थेतून कर्ज काढून पैसे भरत राहिला. तक्रार द्यायला तयार नाही. म्हणतो, तक्रार दिली तर पहिला मीच आत.

अ‍ॅड_नवीपेठ

या टोळ्यांचं सगळं भांडवल म्हणजे ही एवढीच भीती. त्यांना कळवळून सांगा, आज रात्रीच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा. जेवढा लवकर फोन जाईल तेवढी पैसे वाटेतच गोठवण्याची शक्यता जास्त. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही नोंदवता येते.

ते आत जातील का? जी बाई अस्तित्वातच नाही, जागा नाही, भेट नाही, तिथं पिटाचं कुठलं कलम लावणार? ते या प्रकरणात फिर्यादी आहेत. समोरच्यांवर खंडणीचं कलम ३०८ आहे, ३१८ ची फसवणूक आहे, ६६-ड आहे.

आणि ती व्हॉट्सअ‍ॅपवरची नोटीस. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये बजावलंय की हजर राहण्याची नोटीस पोलिसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर बजावायची नाही. तशी आली तर ती कायदेशीर बजावणी नव्हे. वर्दीचा डीपी लावून पैसे मागणारा तर पोलीस नाहीच असं समजून चाला.

विजापूर_वेस

मला एक कळत नाही. इतकी सगळी कलमं सांगून अशा लोकांना वाचवायचं कशाला? करायचं तेव्हा लाज नव्हती. पोरगं दलाली करत होतं, ती बाई धंदा करत होती, जाऊ दे सगळ्यांना आत.

आरोग्यसखी

विजापूर_वेस, "सगळ्यांना आत" म्हणताना तुम्ही कुणाकुणाला एका ओळीत बसवलंत ते बघा.

मी शहरात या महिलांसोबत आरोग्याचं काम करते. एचआयव्ही तपासणी, औषधं, दवाखान्यात सोबत जाणं. पूर्वी वस्तीवर गेलं की सगळ्या ताया भेटायच्या. आता निम्मा धंदा मोबाइलवर गेलाय, ताई भाड्याच्या खोलीत एकटी, आणि तिच्यापर्यंत आमचा निरोपही पोचत नाही. गिऱ्हाईक कोण आहे ते ती आधी बघू शकत नाही. शेजारी हाकेला नाहीत. काहीजण गुपचूप व्हिडिओ काढतात आणि नंतर "गावाकडं पाठवतो" म्हणून फुकट बोलावतात. गावाकडं बहुतेकींची मुलं असतात, ती आजीकडं शिकत असतात. मग ती ताई जाते. काय करेल?

धाड पडली की मोबाइल जप्त. त्यात मुलाच्या शाळेचे नंबर, बचत गटाचे हप्ते, औषधाच्या तारखा, सगळं.

सर्वोच्च न्यायालयानं १९ मे २०२२ ला बुद्धदेव करमासकर खटल्यात सांगितलंय की सज्ञान बाई मर्जीनं हे काम करत असेल तर धाडीत तिला अटक करायची नाही, दंड करायचा नाही, छळायचं नाही. कंडोम सापडला म्हणून तो पुरावा धरायचा नाही. तिची ओळख उघड होईल असं नाव किंवा फोटो छापायचा नाही. तिच्यावर लैंगिक अत्याचार झाला तर इतर कुठल्याही पीडितेला मिळते ती सगळी मदत तिला मिळाली पाहिजे. आम्ही त्या निकालाची मराठी प्रत पर्समध्ये ठेवतो.

तिचा व्हिडिओ काढणारा, तो पाठवण्याची धमकी देणारा, आणि तिला नाव न विचारता तिचा फोटो शंभर जणांना पाठवून कमिशन घेणारा, यांच्या रांगेत तिला उभं करू नका. सोन्नलगीकर, तुमच्या पोराबद्दल मला राग आहे, हे मी लपवत नाही. तरी त्याला वकील मिळाला पाहिजे हेही म्हणते.

जुळे_सोलापूरकर

आरोग्यसखी, +१. ग्रुपवर हा धागा टाकतोय.

सोन्नलगीकर (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. कस्तुरी ताईंचा आणि आरोग्यसखींचा प्रतिसाद मी पोराला समोर बसवून मोठ्यानं वाचून दाखवला. तो बराच वेळ गप्प होता. मग त्यानं एक सांगितलं, ते वकीलसाहेबांना सांगितलं पाहिजे म्हणून लिहितो. एका फोटोतली मुलगी त्याला लहान वाटली होती आणि तो फोटो त्यानं पुढं पाठवला नव्हता, "हिला नको" असं त्या माणसाला लिहिलं होतं. तो मेसेज अजून फोनमध्ये आहे.

बोलावणं फोनवरच आलंय, लेखी काही नाही. फोनचा पिन मागितला तर द्यायचा का? वकिलाला द्यायला पैसेही फार नाहीत.

अ‍ॅड_नवीपेठ

तो मेसेज उडवला नाहीत हे फार बरं झालं. मात्र तो दोन्ही बाजूंनी कापतो हे ध्यानात घ्या. यानं त्या मुलीला पुढं पाठवायचं नाकारलं हे दिसतं, आणि तिथं अल्पवयीन मुलगी असू शकते हे याला कळलं होतं हेही दिसतं. म्हणून पोलिसांसमोर जाण्याआधी वकील, हा क्रम चुकवू नका. आणि ती मुलगी आजही कुठंतरी असेल. पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे असं कळल्यावर पोलिसांना सांगणं बंधनकारक आहे. वकिलामार्फत ही माहिती याच भेटीत पोलिसांना द्या. १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवरही देता येते.

नोटीस लेखी मागा. ७ वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात पोलीस नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ खाली लेखी नोटीस देऊन बोलावू शकतात. ती घेऊन वेळेवर हजर राहिला आणि सहकार्य केलं तर कारण नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. वकिलाला गरज वाटली तर कलम ४८२ खाली अटकपूर्व जामीन इथल्या सत्र न्यायालयात मागता येईल. तिथं नाहीच झालं तर आता मुंबई गाठायची गरज नाही, ऑगस्ट २०२५ पासून आपल्या जिल्ह्याची उच्च न्यायालयाची कामं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात.

पिनबद्दल न्यायालयांची मतं एकसारखी नाहीत, म्हणून त्याचं उत्तर तुमच्या वकिलानं कागद बघून द्यावं. फोन जमा केला तर जप्ती पंचनाम्याची प्रत घ्या, त्यावर आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, आहे ना ते बघा. जप्तीचं व्हिडिओ चित्रीकरण आता त्याच संहितेच्या कलम १०५ प्रमाणे बंधनकारक आहे. पुढे खटल्यात त्या चॅटसोबत साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, हॅश व्हॅल्यूसकट (फाइलमध्ये फेरफार झाला का ते दाखवणारा आकडा). प्रमाणपत्राचा हा आग्रह आपल्याच जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक खटल्यात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पक्का केला. तुमच्या वकिलाला ते माहीत असेलच, तुम्ही फक्त कागद सांभाळा.

पैशाचं म्हणाल तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. उत्पन्न मर्यादेत बसत असेल तर मोफत वकील मिळतो. १५१०० हा त्यांचा फोन.

आरोग्यसखी

त्याच प्राधिकरणाकडून धाडीत सापडलेल्या महिलांनाही वकील मिळतो, आणि महिलांना उत्पन्नाची अट नाही. सोन्नलगीकर, त्या माणसाला पकडलं तेव्हा ज्या मुली सापडल्या असतील त्यांना दंडाधिकाऱ्यांपुढे उभं केलं असणार. पिटाच्या कलम १७ प्रमाणे त्यांची चौकशी होईपर्यंत त्यांना सुधारगृहात ठेवतात. सज्ञान असलेल्यांना घरी जायचं असेल तर तसं त्यांच्या वतीनं कुणीतरी न्यायालयात मांडावं लागतं, नाहीतर त्या महिनोन्महिने तिथंच राहतात. उद्या सकाळी आम्ही चौकशीला जातोय. त्या लहान दिसणाऱ्या मुलीबद्दल पोराला जे काही आठवतंय, तिची भाषा कुठली होती, फोटोमागं काय दिसत होतं, ते त्याला आज रात्रीच कागदावर लिहून काढायला सांगा आणि तो कागद वकिलाकडं द्या. इथं मात्र त्यातलं काहीही लिहू नका.

सोन्नलगीकर (धागाकर्ता)

लिहायला बसवलंय. सकाळी साडेदहाला विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जातोय, मेहुणीही येतेय.